दादाची वही

कोथिंबीर, रवा, उदबत्ती आणि वीजबिल. एवढ्या चारच गोष्टी होत्या.

२०१६ सालच्या गणपतीत मी सुट्टीवर साताऱ्याला गेलो होतो. दुपारी पाहुणे यायचे होते, आई स्वयंपाकात होती आणि मी दादाला मोती चौकात पिटाळलं. जाताना चार गोष्टी दोनदा सांगितल्या. अर्ध्या तासाने तो परत आला. पिशवीत कोथिंबिरीची जुडी आणि खिशात वीजबिल तसंच घडी केलेलं. पुन्हा पाठवला. पुन्हा कोथिंबीर घेऊन आला. तेव्हा माझा तोल सुटला. लहान भाऊ असूनही मी ओरडलो, "दादा, तू मुद्दाम करतोस! त्र्याऐंशीच्या फायनलचा सगळा स्कोअर तुला तोंडपाठ आहे, आणि चार वस्तू लक्षात राहत नाहीत?"

तो रागावला नाही. चपला काढता काढता एवढंच म्हणाला, "तू सांगतोस तेव्हा ऐकू येतं रे. चौकात गेलं की हातात काहीच उरत नाही."

आतून आई म्हणाली, "एकेक सांगायचं असतं त्याला. चार-चार नाही."

मी ते वाक्य तेव्हा कानाआड केलं. पुढे ते मला पुन्हा ऐकावं लागलं, तेही शिकलेल्या माणसांकडून.

मंडळाच्या अंकात मी याआधी दोनदा लिहिलंय. एकदा फैलाका बेटावरच्या सहलीबद्दल आणि एकदा मुबारकियाच्या बाजाराबद्दल. दोन्ही वेळा लेख लिहून होताच घरच्यांना वाचून दाखवला होता. हा लेख लिहायला घेण्याआधी दादाला विचारलं. तो म्हणाला, "लिही. पण माझं नाव नको." म्हणून या लेखात तो फक्त दादा आहे.

घरात काय झालं होतं

दादा माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. शाळेत पहिल्या तिघांत, बुद्धिबळात जिल्ह्यापर्यंत गेलेला. १९८९ साली इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना होस्टेलवरून वडिलांना निरोप आला की मुलाला घेऊन जा. तो खोलीचं दार आतून लावून बसत होता. बाहेर माणसं आपल्याबद्दल बोलतात, असं सांगत होता. परीक्षा तर गेलीच, पण पुढचं वर्षभर घरात काय चाललंय ते कुणालाच कळत नव्हतं. अंगारे-धुपारे झाले, पत्रिका झाली. वर्ष वाया गेल्यावर एका जाणत्या डॉक्टरांनी मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवलं, आणि आम्ही तो शब्द पहिल्यांदा ऐकला: स्किझोफ्रेनिया. मराठीत छिन्नमनस्कता.

हा आजार काही दुर्मीळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दर सुमारे ३०० माणसांमागे एकाला तो आहे. आपल्या मंडळाच्या दिवाळी पहाटेला जमतात तेवढी माणसं आणि त्यांचं सगळं गणगोत धरलं, तर हिशेब ज्याचा त्याने करावा. याचा अर्थ एका माणसात दोन माणसं असणं, असा मुळीच नाही. तो गैरसमज सिनेमांनी पसरवला. नसलेले आवाज ऐकू येणं, कुणीतरी पाळतीवर आहे असा ठाम संशय, विचारांची साखळी तुटणं, आणि हळूहळू कशातच मन न लागणं, ही त्याची ओळखीची लक्षणं.

गोळ्या सुरू झाल्या. दोनेक वर्षांत आवाज कमी झाले, संशय विरला. आम्हाला वाटलं, झालं, आता दादा बरा. कॉलेजला परत गेला, तीन महिन्यांत परत आला. वडिलांनी ओळखीच्या एका दुकानात हिशेबाला बसवला, तिथून महिन्यात परत आला. "लक्ष नाही," "आळशी आहे," "दोनदा सांगावं लागतं," असं सगळे म्हणाले. वडील तर शेवटपर्यंत, म्हणजे २००९ पर्यंत, हेच म्हणत होते की पोराने मनावर घेतलं तर सगळं होईल.

मी १९९८ साली कुवेतला आलो आणि तेच मत बरोबर घेऊन आलो. साल्मियाच्या खोलीतून दर शुक्रवारी फोन करायचा, आईची चौकशी करायची, आणि दादाला दोन उपदेश करायचे. पैसे वेळेवर पाठवत होतो, त्यामुळे उपदेशाचा हक्क आहे असंच वाटायचं.

पंधरा शब्दांची परीक्षा

त्या कोथिंबिरीच्या गणपतीनंतर मी सुट्टी आठ दिवसांनी वाढवली आणि दादाला पुण्यात एका मानसशास्त्रज्ञ बाईंकडे नेलं. खरं सांगतो, मनातून मला हेच सिद्ध करून हवं होतं की तो ढोंग करतो.

बाईंनी दादाला पंधरा साधे शब्द वाचून दाखवले. आठवतील तेवढे सांगा, म्हणाल्या. त्याने पाच सांगितले. तेच पंधरा शब्द पुन्हा वाचले. पुन्हा पाच. असं पाच वेळा झालं, आणि पाचव्या वेळी तो सातपर्यंत पोचला. मी बाहेरच्या खुर्चीवर मनातल्या मनात तीच परीक्षा देत होतो. तिसऱ्या फेरीला मी बाराच्या पुढे होतो.

पुढचा भाग महत्त्वाचा होता. मधे अर्धा तास दुसऱ्याच गोष्टी करून बाईंनी विचारलं, मघाचे शब्द? सातांपैकी सहा त्याने सांगितले. मग त्यांनी एक लांब यादी वाचली, यातला कुठला शब्द मघाशी होता आणि कुठला नव्हता ते सांगा. त्यात त्याने पंधरातले बारा ओळखले.

बाई मला म्हणाल्या, "बघा, जे आत गेलं ते टिकलंय. ओळखायला सांगितलं तर त्याहून जास्त सापडतंय. अडचण आहे ती आत ठेवताना आणि बाहेर काढताना."

त्यांनी समजावलेलं मी माझ्या भाषेत सांगतो. स्वयंपाकघरात ओटा असतो आणि कोठीघर असतं. ओट्यावर आत्ता लागणारी भांडी. फोन नंबर ऐकून तो लावेपर्यंत आपण ज्या जागेत धरून ठेवतो, तो हा ओटा. मानसशास्त्रात त्याला कार्यकारी स्मृती म्हणतात. स्किझोफ्रेनियात हा ओटा अरुंद होतो. तीन भांडी ठेवली की चौथं खाली पडतं. शिवाय कोठीघरात सामान ठेवताना आपण नकळत लावून ठेवतो. डाळी एका फळीवर, मसाले दुसऱ्या. पंधरा शब्दांत चार फळांची नावं असली तर आपलं डोकं ती आपोआप एकत्र बांधतं. दादाचं डोकं तसं आपणहून बांधत नाही, सामान जसं येईल तसं आत लोटतं. मग ते हरवलेलं नसतं, पण सापडत नाही. कुणी म्हणालं, "अरे, एक फळ होतं बघ," की चटकन सापडतं.

त्र्याऐंशीच्या स्कोअरचं कोडंही तिथेच सुटलं. भारत १८३, वेस्ट इंडीज १४०, श्रीकांतच्या ३८, मोहिंदरच्या १२ धावांत ३ विकेट. हे सगळं दादाने पंधराव्या वर्षी, आजाराच्या सहा वर्षं आधी, कोठीत नीट लावून ठेवलेलं होतं. जुनं घट्ट आणि नवं सैल, हा या आजारातला नेहमीचा अनुभव. आम्ही सत्तावीस वर्षं त्याच्या जुन्या स्मरणशक्तीचा पुरावा त्याच्याच विरुद्ध वापरत होतो.

डॉक्टरांनाही हे उशिरा दिसलं

नंतर मी या विषयावर मिळेल ते वाचलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एमिल क्रेपेलिन या जर्मन डॉक्टरांनी या आजाराला नाव दिलं होतं त्याचा अर्थच होता 'तरुणपणीचा बुद्धिभ्रंश'. १९०८ साली स्वित्झर्लंडचे ऑयगेन ब्लॉयलर यांनी ते बदलून स्किझोफ्रेनिया हा शब्द आणला, कारण सगळ्यांचीच बुद्धी ढासळत जाते असं काही दिसत नव्हतं. १९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन हे औषध वापरात आलं आणि पहिल्यांदाच आवाज आणि भ्रम आटोक्यात आले. ती क्रांतीच होती. पण त्यामुळे सगळ्यांचं लक्ष आवाज आणि भ्रमांवरच राहिलं. ते थांबले की पेशंट बरा, असा हिशेब झाला.

तो हिशेब चुकतोय हे १९९० च्या दशकात स्पष्ट होत गेलं. येल विद्यापीठातल्या पॅट्रिशिया गोल्डमन-राकिच यांनी माकडांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की समोरून नाहीशी झालेली गोष्ट क्षणभर मनात धरून ठेवायचं काम कपाळामागच्या मेंदूतल्या पेशी करतात, आणि स्किझोफ्रेनियातल्या गोंधळाशी त्याचा संबंध जोडला. १९९६ साली लॉस एंजेलिसच्या मायकेल ग्रीन यांनी आधीचे अनेक अभ्यास एकत्र ठेवून पाहिले. माणूस नोकरी टिकवेल का, चारचौघांत वावरेल का, नवं काही शिकेल का, याचा संबंध त्याला आवाज ऐकू येतात की नाही याच्यापेक्षा त्याची स्मरणशक्ती आणि लक्ष कसं आहे, याच्याशी जास्त होता.

हे वाचताना मला ते हिशेबाचं दुकान आठवलं. आवाज थांबले होते, तरी दादा का टिकला नाही, याचं उत्तर १९९६ पासून छापलेलं होतं.

दोन गोष्टी इथे मुद्दाम सांगतो, कारण घरोघरी विचारल्या जातात. एक, हा म्हातारपणचा स्मृतिभ्रंश नव्हे. स्किझोफ्रेनियातला विसराळूपणा बहुधा आजाराच्या सुरुवातीलाच, कधी त्याच्याही आधी दिसू लागतो आणि मग बरीच वर्षं साधारण तिथेच राहतो. तो अचानक वाढला, तर डॉक्टरांना दाखवायचं. थायरॉईड, बी-१२, साखर, झोप, नैराश्य, यांपैकी काहीही कारण असू शकतं. दुसरी गोष्ट औषधांची. मुख्य गोळीने हातापायांत थरथर किंवा ताठरपणा आला तर तो कमी करायला आणखी एक गोळी देतात, ट्रायहेक्सीफेनिडिल तिचं नाव. आपल्याकडे अनेकांना ती वर्षानुवर्षं चालू असते. मेंदूत आठवणीच्या कामाला लागणाऱ्या एका रसायनाचं काम ती अडवते. दादाला ती एकोणीस वर्षं चालू होती. डॉक्टरांनी काही महिन्यांत टप्प्याटप्प्याने ती कमी करत बंद केली, थरथर परत आली नाही, आणि आई म्हणाली, "पोरगं जरा जागं झाल्यासारखं वाटतंय." पण हे डॉक्टरांनी केलं. लेख वाचून कुणी घरच्या घरी गोळी बंद करू नये. मुख्य गोळी अचानक थांबवली तर आजार उलटतो, आणि प्रत्येक झटक्यानंतर सावरणं आणखी अवघड होतं.

आई नावाची वही

आईने कुठलंही पुस्तक वाचलेलं नव्हतं. पण घरात तिने एक व्यवस्था लावलेली होती, जी आम्हाला कुणालाच दिसत नव्हती. दाराच्या खिळ्याला पिशवी, पिशवीतच पैशाचं पाकीट. चष्मा देव्हाऱ्याच्या डावीकडे. किल्ली तुळशीच्या कोनाड्यात. दादाला एका वेळी एकच काम, आणि काम सांगून झालं की ती विचारायची, "काय आणायचं? म्हणून दाखव." दूध सातला, गोळी नवाला, फिरणं पाचला. वर्षानुवर्षं तेच. दादाच्या ओट्यावर जेवढं मावत नव्हतं तेवढं सगळं आईने आपल्या ओट्यावर मांडलं होतं.

मार्च २०२० मध्ये कुवेतची विमानं बंद झाली. मे महिन्यात तर वीस दिवस पूर्ण कर्फ्यू होता, तुम्हाला आठवत असेलच. मी साल्मियात, ती दोघं साताऱ्यात. तोपर्यंत मला वाटायचं की काही झालं तर चार तासांत मी मुंबईत. ते पहिल्यांदा खोटं ठरलं. आणि २०२१ च्या पावसाळ्यात आई मोरीत घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. ती अंथरुणाला खिळली आणि पंधरा दिवसांत घराची सगळी व्यवस्था कोलमडली. गोळ्या चुकल्या. एकदा दोन वेळच्या गोळ्या एकदम घेतल्या, कारण सकाळची घेतली की नाही ते आठवेना. दूध उतू जाऊन गॅस विझला आणि तसाच चालू राहिला. शेजारच्या काकूंना वास आला म्हणून निभावलं.

दादाला इथे आणणं शक्य नव्हतं. वयात आलेल्या भावाला आपल्या इकाम्यावर घेता येत नाही. मी कायमचं परत जाणंही मुलीच्या बारावीमुळे तेव्हा जमणारं नव्हतं. शेवटी आपण करतो तेच मी केलं. पैसे पाठवले. एक महागडा फोन घेऊन पाठवला आणि त्यात पाच गजर लावून दिले.

गजर वाजायचा, दादा तो बंद करायचा, आणि नंतर उभा राहायचा. "वाजला," असं फोनवर सांगायचा, "पण कशासाठी ते कळलं नाही." एक गोष्ट अमुक वेळी करायची आहे हे लक्षात ठेवणं, ही स्मृतीची एक वेगळीच जात आहे. तिच्यात दोन भाग असतात: काहीतरी करायचंय, आणि काय करायचंय. माझ्या गजराने पहिला भाग भागला होता, दुसरा नाही. गोळ्या चुकण्याचं मोठं कारण हेच असतं. 'मला आजारच नाही' असं म्हणून गोळी नाकारणारे असतात, तसेच मनापासून घ्यायची असून विसरणारेही असतात. दोघांना एकच रागावणं उपयोगाचं नाही.

जे उपयोगी पडलं

पुण्याच्या बाईंना व्हिडिओवर गाठलं. त्यांच्या मदतीने वर्षभरात जे बसवलं ते लिहितो. घराघरांत फरक असेल, पण कुणाला तरी उपयोग होईल.

गजराच्या जागी आवाज आला. आईच्याच आवाजात मी मुद्रित करून घेतलं, "बाळा, निळा डबा उघड, आजचा वार बघ, गोळी घे." निळा डबा म्हणजे सात वारांचे कप्पे असलेला. कप्पा रिकामा दिसला की गोळी घेतली, हे आठवावं लागत नाही, दिसतं. काही काळाने डॉक्टरांनी मुख्य औषधाचं महिन्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन सुचवलं. दादा स्वतःच हो म्हणाला. रोजच्या आठवणीचं ओझं त्याने बरंच कमी झालं.

शिकवायची पद्धत बदलली. आपण शिकवताना आधी विचारतो, "आठव बरं, पुढे काय?" समोरचा चुकतो, मग आपण दुरुस्त करतो. दादासारख्यांच्या बाबतीत ती चूकच पक्की बसते, कारण काय केलं ते राहतं आणि ते चूक होतं हे राहत नाही. म्हणून चुकूच द्यायचं नाही. प्रत्येक पायरीला बरोबर उत्तर आधीच सांगायचं, करून घ्यायचं, आणि मग हळूहळू आपलं सांगणं कमी करत न्यायचं. एटीएममधून पैसे काढायला दादा असाच शिकला. दोन महिने लागले. आता तो एकटा जातो. हात शिकले की ते विसरत नाहीत. त्या प्रकारची स्मृती या आजारात बरीच शाबूत असते. सायकल, चहा, बुद्धिबळाच्या सोंगट्या मांडणं, यांत तो आजही चुकत नाही.

रोज संध्याकाळी अजिंक्यताऱ्याच्या दिशेने चालणं कायम ठेवलं. नियमित व्यायामाने या आजारात लक्ष आणि स्मृती थोडी सुधारते, असं अभ्यासांत दिसलेलं आहे. थोडीच, पण दादासाठी थोडी म्हणजे चार वस्तूंपैकी एक जास्त.

आणि वही. दोनशे पानी, पुठ्ठ्याची, दोरीने खिशाला बांधलेली पेन्सिल. एका पानावर एक दिवस, आणि झालं की खूण.

एक गोष्ट मात्र वहीने सुटत नाही. २०२२ साली दादा एकदा मला म्हणाला, "तू घर विकायचं म्हणालास. फोनवर." मी असं कधीच म्हणालो नव्हतो. दोन वर्षांपूर्वीचा मी असतो तर भांडलो असतो. आता मला ठाऊक होतं की हे ऐकलं, वाचलं, की आपल्याच मनात आलं, हा स्रोत लक्षात ठेवणंही या आजारात कच्चं होतं. ती भीती त्याची स्वतःची होती, फक्त माझ्या आवाजात साठवली गेली होती. मी त्याला विचारलं, "दादा, तुला घराची काळजी वाटते का?" तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आई गेल्यावर मी कुठे?"

आमच्यानंतर कोण

हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या घरात न बोलता बसलेला आहे. त्या फोननंतर मी कागदपत्रांमागे लागलो. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात मानसिक आजार हे अपंगत्व म्हणून धरलं आहे, त्याचं प्रमाणपत्र मिळतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे माणूस स्वतः बरा असताना आपला प्रतिनिधी नेमू शकतो आणि आपल्यावर उपचार कसे व्हावेत, कसे होऊ नयेत, हे लिहून ठेवू शकतो. दादाने दोन्ही केलं, आणि त्याची वाक्यं माझ्यापेक्षा सरळ होती. नॅशनल ट्रस्टची पालकत्वाची सोय मात्र स्किझोफ्रेनियासाठी नाही, ती स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहे. अनेक जण तिथे हेलपाटे घालतात, म्हणून सांगितलं.

दूर राहून काही करता येतं का, असं वाटलं की मी डॉ. जगन्नाथ वाणी यांचं नाव आठवतो. धुळ्याचा हा माणूस कॅनडात कॅलगरी विद्यापीठात प्राध्यापक होता. त्यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया झाला. परदेशात, लहान मुलं, आणि कुणाला सांगायची सोय नाही, असं सगळं त्यांनी सोसलं. पण त्यांनी ते झाकून ठेवलं नाही. १९९७ साली पुण्यात त्यांच्या पुढाकाराने स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी राहिली. तिथे आजारी माणसाला शुभार्थी म्हणतात आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर. २००४ सालचा 'देवराई' हा सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा चित्रपटही त्यांच्याच पाठबळावर झाला. त्यातला अतुल कुलकर्णींचा शेष आणि त्याला आपल्या घरी आणणारी बहीण पाहताना आई मधेच उठून गेली होती. नंतर म्हणाली, "आपल्यासारखं आणखी कुणाकडे असतं, हे तेवीस वर्षांत आजच दिसलं." डॉ. वाणी २०१७ साली गेले. पैसे तर आपण सगळेच पाठवतो. ते उघडपणे बोलले, ते मला जास्त मोठं वाटतं.

आपल्या मंडळात मी पहिल्यांदा दादाबद्दल बोललो ते कोजागरीच्या रात्री, दूध आटत असताना. त्यानंतरच्या महिन्यात तीन जण मला वेगवेगळे, पार्किंगमध्ये भेटून बोलले. एकाचा मेव्हणा, एकीची आई, एकाचा स्वतःचा मुलगा, इथेच वाढलेला. इथे असलेल्यांसाठी कुवेत मानसिक आरोग्य केंद्र आहे, आणि २०१९ पासून या देशातही मानसिक आरोग्याचा स्वतंत्र कायदा आहे. गावाकडच्या माणसासाठी १४४१६ हा टेलि-मानसचा मोफत नंबर आहे, मराठीत बोलता येतं. ठाण्याची आयपीएच, पुण्याची ही संस्था, आणि ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी इथली शासकीय मनोरुग्णालयं आहेत. भारतातून औषधं आणताना डॉक्टरांची चिठ्ठी आणि मूळ वेष्टन बरोबर ठेवा. मानसोपचारातली काही औषधं आखाती देशांत नियंत्रित यादीत असतात.

साडेसहा वाजता

आई गेल्या वर्षी मार्चमध्ये गेली. मी पोचलो तेव्हा दादा ओसरीवर बसला होता. सगळ्यांना वाटत होतं की याला कळलंच नसेल, किंवा हा विसरेल. तेराव्यापर्यंत रोज संध्याकाळी दिवेलागणीला उठून, कुणी न सांगता, त्याने देव्हाऱ्यात दिवा लावला. वात वळायला आईने त्याला कधी शिकवलं, ते त्यालाही आठवत नाही.

माझ्या लग्नाच्या फोटोत तो माझ्या शेजारी फेटा बांधून उभा आहे. त्या दिवसातलं त्याला काही आठवत नाही. "फोटोत आहे म्हणजे होतो," म्हणतो. पूर्वी मला याचं वाईट वाटायचं. आता सुट्टीत गेलो की आम्ही अल्बम घेऊन बसतो आणि मी त्याला तो दिवस सांगतो, एकेक फोटो, एका वेळी एकच.

सातारच्या घरी आता दिवसा एक मावशी येतात. आईचा आवाज फोनमध्ये अजून तसाच आहे. तो बदलायचा का, असं मी विचारलं होतं, तेव्हा दादा नको म्हणाला. रोज कुवेतच्या साडेसहाला, म्हणजे तिथल्या नवाला, मी फोन करतो. तो वही उघडून आजचं पान वाचतो, मी ऐकतो.

परवा त्याने वाचलं, "एक, निळा डबा. झाला. दोन, मावशींना पणत्यांचे पैसे. दिले. तीन, संध्याकाळी चालणे. चार, छोट्याला विचारणे, बीपीची गोळी घेतली का."

हे चौथं मी कधी लिहायला सांगितलेलं नव्हतं. गेल्या सुट्टीत माझी गोळी दोनदा चुकली होती, ते त्याने पाहिलं असणार आणि लिहून ठेवलं असणार.

मी घेतली नव्हती. तसं म्हणालो.

"मग घे ना," दादा म्हणाला. "आत्ता घे. मी फोन धरतो."